दीडपट चाक

“हुबळीला दोघांपैकी एकच येईल,” मालक म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

मी आणि यल्लाप्पा वस्ताद त्यांच्या तंबूत पत्र्याच्या खुर्च्यांवर शेजारीशेजारी बसलो होतो. कोल्हापूरच्या सहा आठवड्यांच्या मुक्कामातला हा पहिला आठवडा. वाघ-सिंह जाऊन बरीच वर्षं झाली होती, मागच्या साली हत्तीणही गेली, आणि आता माणसांची पाळी आली होती. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्याकडे तर म्यानच फाटत आलं होतं. उरल्यासुरल्या सर्कशीत एकचाकी सायकल चालवणारे दोन-दोन गडी ठेवणं ही चैन आहे, हे मलाही कळत होतं.

मालक वयाने माझ्याएवढेच, तिशी ओलांडलेले. वडील गेल्यावर सर्कस त्यांच्या गळ्यात पडली होती. माणूस वाईट नव्हता, पण कुणाला तोंडावर नाही म्हणायची वेळ आली की ते दुसऱ्याच्या तोंडून म्हणवून घ्यायचे. “मी कोण ठरवणार?” ते म्हणाले. “पब्लिक ठरवेल. शेवटच्या रविवारी दुपारच्या खेळात ज्याला टाळ्या जास्त, तो हुबळीला.”

वस्ताद नुसते “बरं” म्हणाले. त्यांनी चहा संपवला आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

यल्लाप्पा वस्तादांनी मला जतजवळच्या आम्हा दोघांच्या गावातून सर्कशीत आणलं त्याला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. एका चाकावर बसायला त्यांनी शिकवलं, आपल्या ताटातलं खायला घातलं, इंदूशी माझं लग्नही त्यांनीच जुळवलं. इंदू झुल्यावर काम करायची. तिची जागा पक्की होती, कारण झुलेवाल्या बाया आता मिळत नव्हत्या. म्हणजे मी निवडला गेलो तर आम्ही दोघं हुबळीला. नाही तर ती हुबळीला आणि मी जतला, भावाच्या दारात. वस्तादांना तर भाऊही नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी त्या तंबूतून बाहेर पडताना माझ्या डोक्यात एकच विचार होता: म्हाताऱ्याला मी सहज मागे टाकतो.

सहज, कारण माझ्या मते वस्ताद सायकल चालवतच नव्हते, पडत होते. अवघड काम पहिल्या खेपेला मुद्दाम चुकवायचं, ही सर्कशीतली जुनी रीत. झुलेवालीचा हात एकदा सुटतो, ती जाळीत पडते, लोकांचा जीव वरखाली होतो, आणि दुसऱ्या खेपेला जमलं की तंबू दणाणतो. वस्तादांनी या रीतीचं सोनं केलं होतं. उंच एकचाकीवर ते दोन फेऱ्या मारत आणि तिसऱ्या फेरीला बरोबर बायकांच्या बाकांसमोर धाडकन पडत. बाया तोंडाला पदर लावत. वस्ताद लंगडत उठायचे, सायकलीला हात लावून नमस्कार करायचे, पुन्हा चढायचे आणि फेरी पुरी करायचे. मग टाळ्या काय विचारता. रोज तीन खेळ, रोज तीनदा पडणं. स्वतःचं काम मिळाल्यापासून अकरा वर्षांत मी रिंगणात एकदाही पडलो नव्हतो, आणि मला टाळ्या मिळायच्या त्या आमटीत मीठ असतं तेवढ्या.

याचा मला राग होता. उगाच कशाला सांगू की नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात आमचा जनरेटर बंद पडला आणि तो बघायला उद्यमनगरातून, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीतून, चौगुले मिस्त्री आले. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल, बोटांच्या पेरांत कायमचं काळं. जनरेटर त्यांनी अर्ध्या तासात सुरू केला. परत निघताना त्यांना माझी एकचाकी दिसली, आणि ते तिच्यासमोर उकिडवे बसले ते बसलेच.

“हिला गिअर का न्हाई?” त्यांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं की हिला चेनच नाही, पायडल सरळ आसावर असतं. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, त्यात गिअर बसवायला जागाच कुठे आहे. मिस्त्रींनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, त्यांच्या वडिलांकडे एक विलायती सायकल होती, तिच्या मागच्या चाकाच्या मधल्या हबमध्ये तीन गिअर होते. बाहेरून काही दिसायचं नाही, सगळं पोटात. मधे एक दातेरी चक्र, त्याच्याभोवती फिरणारी तीन लहान चक्रं, त्यांच्याभोवती आतून दात असलेली कडी. तसंच हिच्या पोटात बसवलं तर पायाच्या एका फेऱ्यात चाकाचे दीड फेरे निघतील.

“असलं इथं बनायचं नाही,” मी म्हणालो.

उद्यमनगरातल्या माणसाला हे वाक्य म्हणजे शिवी. मिस्त्रींनी माझं चाक खांद्याला अडकवलं, स्कूटरवर बसले आणि गेले. त्या दिवशीचे दोन्ही उरलेले खेळ मी जोकरची सायकल मागून भागवले.

पैसे घ्यायला ते तयार नव्हते. एकच अट घातली: माइकवरून सांगायचं, की हा हब कोल्हापुरात उद्यमनगरात चौगुल्यांच्या लेथवर बनला. मी म्हटलं, एवढंच ना?

पहिल्या हबचे दात पाच मिनिटांत गळाले. दुसऱ्याने एक सकाळ काढली. तिसरा मात्र बसला तो बसला. नारळाएवढा गोळा, आसाच्या दोन्ही टोकांना रुपयाएवढं बटण. चालता चालता उजव्या टाचेने उजवं बटण मारलं की चाक दीडपट होतं, डाव्या टाचेने डावं मारलं की पुन्हा एकास एक. सांगायला अगदी सोपं.

एकचाकीवर माणूस तोल पायांनी धरतो. पायडल जरा रेटलं की चाक अंगाखाली पुढे येतं, जरा अडवलं की मागे थांबतं. वीस वर्षांत हे पाय मला न विचारता करायला लागले होते. दीडपट चाकावर त्यांचं सगळं शिक्षण वाया गेलं. रेटायला जड, अडवायला त्याहून जड, आणि एवढीशी चूक झाली की तिची दीडपट. सगळ्यात वाईट म्हणजे बटण मारायचा क्षण. आतले दात एकमेकांत बसेपर्यंत पायाखाली काही नसतंच. अंधारात जिन्याला आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा तसं होतं. आणि दात बसले की चाक एकदम पळतं. अंग आधीच पुढे झुकलेलं नसेल तर चाक पुढे आणि माणूस पाठीवर.

रोज सकाळी सात वाजता, रिकाम्या रिंगणात, दोन आठवडे मी पडत होतो. दीडशे वेळा तरी पडलो असेन. बघायला मिस्त्री आणि एक झाडूवाली बाई, म्हणून ते मी पडण्यात धरत नव्हतो. इंदू संध्याकाळी माझ्या पाठीला हळद लावायची आणि म्हणायची, “एवढं पडताय तर खेळात एकदा पडा की. पडल्यानं काय झिजतं?”

एका सकाळी वस्ताद तोंडात कडुलिंबाची काडी धरून बघत उभे राहिले. मी तेव्हा जेमतेम एक फेरी काढायला लागलो होतो.

“रिंगण बेचाळीस फुटाचं हाय, शिद्या,” ते म्हणाले. “एवढ्या जोरात जाऊन जाणार कुठं?”

मी मिस्त्रींकडे बघितलं, मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नव्हता. मिस्त्री म्हणाले, कुठं जायचं ते लेथला विचारायचं नसतं. वस्ताद हसले आणि काडी चावत निघून गेले.

पण जमलं. त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी टाच बसली, अंग आपोआप पुढे गेलं, आणि चाकाने असा वेग धरला की रिंगणाचा कठडा एक लाल पट्टी होऊन पळायला लागला. आतल्या बाजूला अंग इतकं कललेलं की हात सोडला असता तर रिंगणातल्या भुशाला लागला असता. पाय मात्र संथ, देवळाची पायरी चढावी तसे. आयुष्यात मला त्याहून मोठा आनंद झालेला नाही. लग्नाचंही सांगतो, इंदूने माफ करावं. आता मिरजेत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि पुण्याचे हौशी लोक कधीकधी परदेशातून मागवलेली गिअरची एकचाकी हवा भरायला माझ्याकडे आणतात. मी काही बोलत नाही, हवा भरून देतो.

पाचव्या शनिवारी संध्याकाळच्या खेळात मी ती पहिल्यांदा लोकांसमोर आणली. माझं नाव शिद्राम बिराजदार. माइकवर मी प्रिन्स सिडनी. माइक मालकांच्या हातात असायचा, आणि त्यांच्या वडिलांपासूनची सवय अशी की सर्कशीतलं काहीच या देशात बनलेलं असू शकत नाही. चौगुल्यांचं नाव घ्यायला मी त्यांना दोनदा बजावलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि माइकवर सांगितलं, “खास जर्मनीहून मागवलेलं, जगातलं एकमेव जादूई चाक!”

चौगुले मिस्त्री पहिल्या रांगेत सहकुटुंब बसले होते. मी त्यांच्याकडे न बघता निघालो.

एक फेरी साधी काढली. टाच मारली, बरोबर बसली. चाक पळालं, कठड्याची लाल पट्टी झाली, पाय संथ. तीन फेऱ्या, चार, पाच. डावी टाच मारून वेग उतरवला आणि रिंगणाच्या मधोमध थांबलो. हात वर केले. सबंध हिंदुस्थानात त्या घडीला हे करणारा बहुधा मी एकटाच होतो.

तंबूत कुणीतरी शेंगा फोडत होतं, ते मला ऐकू आलं. मग बायकांच्या बाकांवरून एक आवाज आला, “मोटार हाय त्येच्यात. बघ की, पाय कसं सावकाश हलत्यात.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साध्या चाकावर जोरात जायचं तर पाय भिंगरीसारखे फिरवावे लागतात, आणि ते लोकांना दिसतं. मी दोन आठवडे जीव काढून जे शिकलो होतो त्याने काम दीडपट अवघड झालं होतं आणि दिसायला निम्मं सोपं. चार-दोन टाळ्या पडल्या त्याही जर्मनीला. माझ्यानंतर वस्ताद आले, तिसऱ्या फेरीला पडले, उठले, आणि कनात हलेल एवढ्या टाळ्या घेऊन गेले.

मिस्त्री बाहेर स्कूटरपाशी उभे होते. बायको-मुलींना त्यांनी आधीच रिक्षात बसवून दिलं होतं. “जर्मनी?” एवढंच म्हणाले. मी पुढच्या रविवारी नक्की म्हणालो. मालकांकडे गेलो तर ते म्हणाले, “शिद्राम, कोल्हापूरच्या माणसाला कोल्हापूरचं चाक कशाला दाखवायचं? ते त्याच्या घरीच आहे. आणि ती मोटार काढून टाक, लोकांना आवडली नाही.” मोटार नाही म्हणून सांगितलं तर म्हणाले, मग तर काहीच नाही त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याच्या टाकीपाशी तोंड धुत होतो, तेव्हा वस्ताद शेजारी येऊन बसले. गुडघ्याला तेल चोळत त्यांनी सांगितलं, की काम नजर लागण्यासारखं आहे, पण लोकांना कळायला पाहिजे की ते अवघड आहे. ज्यात माणूस पडत नाही ते त्यांना अवघड वाटतच नाही.

“एकदा पड,” ते म्हणाले. “बटण मारताना पड. मी शिकवतो कसं पडायचं ते.”

शेवटच्या रविवारी त्यांच्याशीच माझा सामना होता, आणि ते मला जिंकायची युक्ती देत होते, हे आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की हा माणूस माझ्या कामाला आपल्या नाटकाच्या रांगेत बसवतोय.

“वस्ताद,” मी म्हणालो, “तुम्ही जन्मभर पडून खाल्लंत. मी चालवून खाईन.”

त्यांचा गुडघ्यावरचा हात थांबला. ते रागावतील असं मला वाटलं होतं, आणि मी त्याची तयारीही केली होती. त्यांनी तेलाची बाटली बंद केली, “बरं” म्हणाले, आणि गेले. पुढचा आठवडाभर आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. मला वाईट वाटलं का? वाटलं, पण दोन दिवसांनी मी ते गिळून टाकलं.

शेवटच्या रविवारी तंबू खच्चून भरला होता. माझा नंबर वस्तादांच्या आधी. मालकांनी माइक हातात घेतला आणि जर्मनीचा उपयोग झाला नव्हता म्हणून या वेळी चाक जपानहून आणलं. मिस्त्री वरच्या फळ्यांवर एकटेच बसलेले मला दिसले. त्यांनी कपाळाला हात लावलेला होता. त्यांच्याकडे बघण्यात माझं अर्धं लक्ष गेलं आणि उजवी टाच बटणावर अर्धीच बसली.

पायाखालची पायरी गेली आणि पुन्हा आलीच नाही. मी पाठीवर आदळलो. डोकं भुशात आपटलं, श्वास अडकला, कोपर सोलवटलं. चाक माझ्यावाचून तसंच पुढे गेलं आणि कठड्याला थडकून आडवं झालं. अकरा वर्षं. आणि नेमकं आज. वर तंबूच्या छताला एक ठिगळ होतं, ते बघत मी पडून राहिलो आणि मनात म्हणालो, इंदू हुबळीला, मी जतला.

तेवढ्यात फळ्यांवरून कुणीतरी धडाधडा उतरलं आणि कठडा ओलांडून रिंगणात आलं. चौगुले मिस्त्री. ते माझ्या अंगावरून पलीकडे चाकाकडे गेले. चाक उचलून त्यांनी हब कानाला लावला, चाक फिरवलं, ऐकलं, उलटं फिरवलं, पुन्हा ऐकलं. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, “दात शाबूत हायत. टाच अर्धी मारलीस.” चाक माझ्या छातीवर ठेवून ते आपल्या जागेवर जायला निघाले.

लोक हसत सुटले. शिट्ट्या पडल्या. मला असा संताप आला की दुखणं कुठल्या कुठे गेलं. मी उठलो, चढलो, आणि कुणाकडेही न बघता टाच हाणली. या वेळी ती बसली. लाल पट्टी, संथ पाय, सगळं तेच. त्या शनिवारपेक्षा वाईटच, कारण पाठ धरली होती. पण आता त्या सगळ्या लोकांनी मला पडताना बघितलं होतं. सहाव्या फेरीपर्यंत बाकांवरचे लोक उभे राहिले. टाळ्या इतक्या की बँडचा आवाज ऐकू येईना. मी हात जोडून पडद्यामागे आलो आणि बादलीपाशी ओकलो.

त्या टाळ्या मला नको होत्या. हे खरं आहे, आणि हेही खरं आहे की मी त्या मोजल्या.

मग पडद्याच्या फटीला डोळा लावून मी वस्तादांचं काम बघायला उभा राहिलो. ते उंच चाकावर आले. पहिली फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीला बायकांच्या बाकांसमोर आले, आणि पुढे गेले. पडले नाहीत. चौथी फेरी काढली, पाचवी काढली, एका जागी तोल धरून उभे राहिले, मागे चालवलं, पुन्हा पुढे. वीस वर्षांत मी त्यांचं असं काम बघितलं नव्हतं. साठीला टेकलेला माणूस, पण कमरेपासून वर अंग असं स्थिर की डोक्यावर तांब्या ठेवला असता तर पाणी हललं नसतं. मला एकदम कळलं, की मला जे येतं ते सगळं कुठून आलं.

लोकांना मात्र काही कळलं नाही. सायकल चालवली, उतरला. टाळ्या पडल्या त्या आमटीत मीठ असतं तेवढ्या.

खेळ सुटल्यावर मालकांनी मला बोलावलं. ते खुशीत होते. “आता धंदा कळला तुला,” ते म्हणाले. “आणि तो मिस्त्री रिंगणात आणायची कल्पना तर फारच भारी. हुबळीला तसा एक जण उभा करू.” मी म्हणालो, ते पडणं खरं होतं. मालकांनी माझ्या पाठीवर नेमकी दुखत्या जागी थाप मारली. “वस्तादांनी सांगितलं मला. मी विचारलं त्यांना, हे तुम्हीच बसवलंत ना? हो म्हणाले.”

वस्ताद आपल्या राहुटीत ट्रंक भरत होते. कपडे होतेच किती. दोन सदरे, दोन लुंग्या, रिंगणातला चमकीचा कोट. मी दारात उभा राहिलो. त्यांनाही तेच सांगितलं, की मी खरंच पडलो होतो.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “ठरवून पडणाऱ्याची हनुवटी छातीला लागलेली असती. तुझं डोस्कं मागं गेलं.”

“मग मालकांना खोटं का सांगितलंत?”

“तुला ठेवतील म्हणून.” हे त्यांनी चहा पितोस का म्हणावं तितक्या सहज सांगितलं.

“आणि तुम्ही? तुम्ही का नाही पडलात?”

वस्ताद ट्रंकेच्या कडेवर बसले. उजवा पाय लांब केला आणि गुडघ्यावर हात ठेवला.

“पयली वीस-बावीस वरसं मी मुद्दाम पडलो, शिद्या,” ते म्हणाले. “मागली चार वरसं ह्यो गुडघा पाडतोय. तिसरी फेरी आली की दगा देतो म्हंजे देतो. लोकांस्नी फरक कळला न्हाई, मालकांस्नी न्हाई, तुला बी न्हाई. टाळ्या तेवढ्याच.”

पाण्याच्या टाकीपाशी मी काय बोललो होतो ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. मी खाली बघितलं. मला रडू येत होतं आणि ते मला त्यांच्यासमोर नको होतं.

“आज काय झालं मग?”

“आज लेकाचा धरला.” त्यांनी गुडघ्यावर चापट मारली. “तिसरी फेरी आली, म्हटलं आता देतोय दगा, मग देतोय. दिलाच न्हाई. चार वरसांत नेमका आजच.”

“मग मुद्दाम पडायचं होतं, वस्ताद. तुम्हाला काय अवघड होतं?”

“पडणारच हुतो.” त्यांनी चमकीचा कोट उलटा करून घडी घातली, चमकी झडू नये म्हणून आतल्या बाजूला. “बाकांम्होरं आलो, अंग सैल सोडलं. तेवढ्यात पडद्याच्या फटीत तू दिसलास.”

मी ट्रंक उचलून त्यांना जतच्या गाडीत बसवून दिलं.

हुबळीच्या पहिल्या खेळात, तिसऱ्या फेरीला, बायकांच्या बाकांसमोर मी अर्धीच टाच मारली, हनुवटी छातीला लावली आणि पडलो. तंबू दणाणला. उठता उठता मी पडद्याकडे बघितलं. फट होती, तिच्यात कुणी नव्हतं.